कादंबरी योजनेचे त्रेचाळीस लाभार्थी

उमापूर, ता. गेवराई
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, दुपारचे दोन

आदरणीय कारभारीमामा यांना समाधानचा सप्रेम जयभीम.

मामा, मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या वाचनालयातल्या राजश्रीनं माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, टेबलावर पालथा ठेवला, उडू नये म्हणून त्यावर स्टेपलर ठेवला आणि मला विचारलं, "समाधान, तू आजवर कुणाला काही विचारलंयस का रे?" त्या मिनिटापासून माझं आयुष्य पहिल्यासारखं राहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलं. क्षेमकुशल लिहायला बसलो असतो तर तेवढ्यात राग निवला असता, आणि या खेपेला मला तो निवू द्यायचा नाही.

आता रीतीप्रमाणं. तुमची शुगर कशी आहे? मामींचा गुडघा जिना चढतो का? तुम्ही सर्व खुशाल असावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण हे पत्र पचवायला तब्येत लागणार आहे. आमच्याकडे आई ठीक आहे. रोज सकाळी झाडून काढताना मला म्हणते, "घराला टेकू म्हणून तरी उभा ऱ्हा." पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही मला ब्लॉक केलंय, मामा. दिवाळीत मी तुम्हाला अकरा मिनिटांचा एकच व्हॉइस मेसेज पाठवला (त्यातली चार मिनिटं तर निव्वळ खोकला होता), त्याचं हे फळ. असो. पत्र ब्लॉक करता येत नाही, ही त्यातली चांगली बाजू.

मूळ मुद्दा असा. वाचनालयानं नोव्हेंबरसाठी एक आव्हान काढलंय. तीस दिवसांत एक कादंबरी, पन्नास हजार शब्द. बक्षीस नाही. (प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट केलेलं.) पण ज्याची कल्पना पसंत पडेल त्याला महिनाभर रोज संध्याकाळी पाच ते सात आतल्या खोलीत बसून लिहायला मिळणार, आणि त्या खोलीची किल्ली, खुर्च्या, हजेरी आणि एकंदर देखरेख राजश्रीकडे. साठ तास, मामा! गेल्या दोन वर्षांत मी तिच्याशी बोललो ते सगळं एकापुढं एक लावलं तर चाळीस मिनिटं भरत नाहीत, आणि त्यातली पंचवीस 'पुस्तक उशिरा का आणलंस' यातच गेलीत. डिसेंबरात ती नोकरीला संभाजीनगरला जाणार. म्हणजे माझं जे काही व्हायचं असेल ते नोव्हेंबरातच. अट एकच : आज, एकतीस तारखेला, पाचच्या आत एका पानावर कादंबरीची कल्पना लिहून द्यायची.

मी तीन कल्पना नेल्या होत्या. पहिलीत अकरा कंपन्यांचा मालक असलेला एक तरुण स्वित्झर्लंडात बर्फावरून घसरतो आणि त्याची स्मृती जाते. राजश्री म्हणाली, बर्फातून चालताना पायाला कसं वाटतं? मी म्हटलं, गार. ती म्हणाली, तेवढं तर फ्रीजात हात घातला तरी कळतं. दुसरीत एक राजा होता. ती म्हणाली, राजवाड्यात सकाळचं पाणी कोण भरायचं? आता हे मी कुठून सांगणार, मी काय तिथं नळाला होतो? तिसरी कल्पना मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. एक संवेदनशील तरुण, एका वाचनालयातली चष्म्याची मुलगी, आणि ती त्याला समजून घेत नाही. राजश्रीनं ती दोनदा वाचली. (दोनदा, मामा. मी मोजलं.) मग म्हणाली, शेवट काय? मी म्हटलं, लग्न. ती म्हणाली, तिला विचारून? आणि त्यावर तो वरचा प्रश्न आला, स्टेपलरसकट.

मी तडक उठलो. अपमान झाला की दार आपटून बाहेर पडायचं, हा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजही मी तसंच सोडलं. दुसऱ्या वर्षाला सरांनी माझा निबंध भर वर्गात वाचला आणि "उत्तम. पण कुणाचा?" असं विचारलं. तो माझाच होता. मी असं दार आपटलं की कडी निखळून सरांच्या टेबलापर्यंत घरंगळत गेली, आणि त्यानंतर मी त्या वर्गात पाय ठेवला नाही. पण वाचनालयाचं दार आपटता येत नाही हो. वर तो लोखंडी हात बसवलाय, दार आपोआप लावणारा. मी सगळा जोर लावला, आणि ते दार एखाद्या साहेबासारखं आपल्या सवडीनं, सावकाश, फुस्स करत बंद झालं. तेवढ्या वेळात आतून तिचं हसणं पुरतं ऐकू आलं.

मग मी ठरवलं, विचारायचंच म्हणते ना, सगळ्या गावाला विचारतो. बुधवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घातला, खिशाला दोन पेनं लावली आणि तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या टिपणांसाठी दिलेलं ते लाल पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर घेऊन समाजमंदिरापुढच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसलो. इथंच घात झाला, आणि मामा, तो तुमच्यामुळं झाला. लांब रजिस्टर, दोन पेनं आणि मामा तहसिलीत. याचा अर्थ आपल्या जिल्ह्यात शेंबडं पोरगंही लावतं. मला मात्र लागला नाही. मी स्वित्झर्लंडात होतो.

पहिली आली रतनबाई, शेळी घेऊन. मी म्हटलं, मावशी, तुमच्या आयुष्यात काय काय झालं ते सांगा, मी लिहून घेतो. ती म्हणाली, "कावून?" आता कादंबरी म्हणजे काय हे समजावत बसलो असतो तर दुपार झाली असती, म्हणून मी नुसतं म्हटलं, "एकतीस तारीख शेवटची हाय." मामा, तुमची उभी नोकरी तहसिलीत गेली, तुम्हाला मी काय सांगावं? 'शेवटची तारीख' हे शब्द कानावर पडले की आपल्याकडं माणूस कशाची म्हणून विचारत नाही, झेरॉक्स काढायला पळतो. रतनबाई शेळी माझ्या खुर्चीला बांधून गेली (शेळीनं तेवढ्यात रजिस्टरचं पहिलं पान खाल्लं), आणि पाव तासात आधार, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, दोन फोटो आणि नवरा घेऊन परत आली.

"लिही," ती म्हणाली, "परित्यक्ता."

तिचा नवरा सटवा तिच्याच शेजारी बसून तंबाखू मळत होता. मी त्याला विचारलं, नाना, तुमी मावशीला टाकलंय का? तो म्हणाला, "व्हय, टाकलंय की." मी विचारलं, कधी? तर चुना लावत म्हणतो कसा, "कंचं साल बसतंय त्ये तूच बघ की बे. तुजा मामा हाय ना तशिलीत?"

दुपारपर्यंत लिंबाखाली रांग लागली. मी ओरडून सांगत होतो की ही योजना नाही, ही कादंबरी आहे! लोकांनी मान डोलावली आणि योजनेचं नाव कादंबरी असं धरून चालले. मी म्हणे तुमची कहाणी सांगा, आणि जो तो आपण पात्र ठरू अशी कहाणी सांगे. पन्नाशीचे पासष्टीचे झाले. दोन मजली घरवाला बेघर झाला. ("घर माजं न्हाई, आमी नुस्तं ऱ्हातो त्येच्यात.") बेरोजगार मुलगा असला की हमखास बसतं अशी कुणीतरी आवई उठवली, तर एकानं फौजेतल्या पोराला बेरोजगार करून टाकलं, आणि तेही तो पोरगा सुट्टीवर येऊन गणवेशात मागं उभा असताना.

अजिनाथ झेरॉक्सवाला तर माझा वर्गमित्र. त्यानं तरी समजून घ्यावं? त्यानं संध्याकाळपर्यंत छापील फॉर्मच काढला. वर ठळक अक्षरांत 'कादंबरी योजना', खाली अकरा रकाने, आणि त्यातला सातवा रकाना : 'यापूर्वी कुटुंबातील कोणी कादंबरीचा लाभ घेतला आहे काय? होय / नाही.' मी त्याला झापायला गेलो, तर मलाच म्हणतो, "फॉर्म मी काढला, आता मंजुरी कुठनं घ्यायची त्ये तू ठरव ना राव." आणि काल सकाळी माजी सरपंच अर्जुनराव यांनी गावच्या ग्रुपवर स्वतःचा हात जोडलेला फोटो टाकला : 'माझ्या पाठपुराव्याला यश. कादंबरी आपल्या गावात.' खाली एकशे बारा जणांनी अभिनंदन केलंय. मामा, कादंबरी माझी! अजून सुचलेलीसुद्धा नाही, आणि अर्जुनरावांनी ती आणलीही!

या सगळ्यात एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ती राग येण्यासारखी नाही, म्हणूनच जास्त राग येतोय. रतनबाईच्या माहितीत 'टाकण्याचे कारण' लिहायचं होतं. ती आधी सटवाकडं बघून एकेक कारण लावून पाहत होती. दारू पितो म्हणू? सटवा म्हणाला, म्हण. मारतो म्हणू? म्हण. मग ती एकदम थांबली आणि जमिनीकडं बघत वेगळ्याच आवाजात म्हणाली, "लगीन होऊन दोन वरसं झालती. ह्ये बैल इकाया म्हणून गेलता, त्ये आलाच न्हाई. अठरा म्हैने." सटवाचा तंबाखूतला अंगठा थांबला. ती सांगत राहिली. रोज दोन भाकरी जास्तीच्या थापायची. सासू विचारायची, कुणासाठी? ही म्हणायची, कुत्र्यासाठी. "कुत्रं लई जाड झालतं. आनि ह्ये आला तवा ह्येच्यावरच भुकलं, ह्येच्याच वाटणीच्या भाकरी खाऊन." मी विचारलं, मग कुठं गेलता नाना? ती म्हणाली, "म्या इचारलं न्हाई. त्येनं सांगितलं न्हाई. बत्तीस वरसं झाली." सटवा उठला, शेळीला पाणी पाजतो म्हणाला आणि गेला. शेळी खुर्चीलाच बांधलेली होती. रतनबाई थोडा वेळ तिकडं बघत बसली, मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाली, "ह्ये लिवू नगं बरं का. ह्येला काय मिळायचं न्हाई. वरचंच ऱ्हाऊ दे."

आता मुख्य गोष्टीवर येतो. आज सकाळी दाराच्या फटीतून आलेले फॉर्म लावत बसलो होतो. एकूण त्रेचाळीस. त्यातला अडतिसावा वत्सलाबाईंचा. वत्सलाबाई म्हणजे राजश्रीची आई, हे तुम्हाला सांगायला नको, ते तुम्हाला माझ्या आधीपासून ठाऊक आहे! रकाना नऊ, 'मदतीची गरज कशासाठी.' त्यांच्या स्वच्छ अक्षरात लिहिलंय : 'मुलीचे लग्न. रविवारी आष्टीचे पाहुणे बघायला येणार आहेत. मुलगा लाईट बोर्डात. मध्यस्थ कारभारीभाऊ, तहसील, आष्टी. त्यांना विचारून खात्री करावी.'

तर मी विचारून खात्री करतो आहे. मामा, हे खरं आहे काय? तुम्ही? माझ्या आईचे सख्खे भाऊ? ज्यांनी मला सायकल शिकवली, ज्यांच्या पाठीवर बसून मी पहिल्यांदा बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक बघितली? जिल्ह्यात एवढ्या मुली, एवढी लाईट बोर्डं, आणि तुम्हाला बरोबर आमच्या वाचनालयाच्याच खिडकीत तार टाकायची होती? दिवाळीच्या त्या मेसेजमध्ये (नवव्या मिनिटाला) मी राजश्रीचं नाव स्पष्ट घेतलं होतं. तुम्ही तो शेवटपर्यंत ऐकला नाही, हे आता पुराव्यानिशी सिद्ध झालं. तुम्ही तहसिलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकता ती पण अशीच का? रविवारी तुम्ही त्या पाहुण्यांबरोबर आमच्या गावात याल, वत्सलाबाईंच्या हातचे पोहे खाल, आणि येता-जाता आमच्याकडं चहाला टेकाल. चहा आई देईल. मी देणार नाही. मी तुमच्याशी बोलणंच बंद केलेलं आहे, आणि ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र.

मामींना व लहानग्यांना जयभीम सांगावा. तुमच्यावरचा लोभ तूर्त स्थगित आहे.

आपला (कागदोपत्री) भाचा,
समाधान

ता. क. : बोलणं बंद असलं तरी सरकारी कामाचं बोलायला हरकत नाही. त्रेचाळीस जणांचे कागद माझ्याकडं आहेत आणि मी काल दिवसभर मागच्या दारानं ये-जा केली. ही योजना नाही, असं सांगितलं की लोक समजतात त्यांचं नाव यादीतून गेलं, आणि आणखी एक झेरॉक्स आणून देतात. यातल्या कुणाला कशात तरी खरोखर बसवता येत असेल तर कळवा, मी फॉर्म भरून देईन. फौजेतल्या पोराचा कागद परत दिलाय.

ता. क. २ : हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलंय. मामा, रविवारचे पाहुणे तीस दिवस पुढं ढकला. मोडा म्हणत नाही. नुसते ढकला. कारण काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. 'कागदपत्रे अपूर्ण' म्हणा, 'साहेब रजेवर' म्हणा, तुम्हाला कारणं मी काय शिकवावीत? साठ तासांत मला तिच्यापुढं एक पुस्तक लिहून दाखवायचंय. त्यानंतर ती म्हणेल ते खरं. एवढं कराल तर वरचं 'बोलणं बंद' आणि 'कागदोपत्री' हे दोन्ही खोडून वाचावं. सायकलचं मात्र तसंच ठेवा, ते खरं आहे.

ता. क. ३ : त्रेचाळिसावा फॉर्म आत्ता पाहिला. आईचा आहे. मला न सांगता कधी टाकला कुणास ठाऊक. 'घरात बेरोजगार तरुण आहे काय?' यापुढं सबंध गावानं 'होय' लिहिलंय. तुमच्या बहिणीनं 'नाही' लिहिलं. 'मुलगा काय करतो?' त्यापुढं तिचं ते चौथीतलं अक्षर : 'लेखक आहे.' रजिस्टरमधल्या त्रेचाळीस जणांत स्वतःहून अपात्र ठरलेली ही एकटीच. आता या बाईला काय म्हणावं? मी तिच्यावर चिडणार होतो, पण ती जेवून आडवी झालीय.

ता. क. ४ : ही ओळ उंबऱ्याबाहेर भिंतीला कागद लावून लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. वरचं लिहून झाल्यावर एक पान लिहिलं. रतनबाईच्या जास्तीच्या दोन भाकरी आणि ते जाड कुत्रं. पण तिनं लिहू नको म्हटलंय, म्हणून आधी तिच्याकडं जातो. नाही म्हणाली तर पान फाडीन आणि रिकाम्या हातानं वाचनालयात जाईन. कारण तिथंही एक विचारायचं राहिलंय. रविवारच्या पाहुण्यांबद्दल वत्सलाबाईंनी लिहिलं, तुम्ही ठरवलं, मी तीस दिवस मागितले, आणि राजश्रीला यातलं कुणी काही विचारलंय का, हे मला कुठल्याच रकान्यात सापडलं नाही. मीही विचारलं नाही, मामा. ती काय म्हणेल ते म्हणेल. पुढं ढकलू नका म्हणाली, तर ता. क. २ रद्द समजावं.

पत्र सटवानानाच्या हाती देतोय, तो उद्या सकाळी आष्टीला म्हैस बघायला निघालाय; राजश्री काय म्हणाली ते त्याच्याजवळच तोंडी सांगून ठेवीन. परत कधी येणार ते त्याच्याकडून मी लिहून घेणार आहे, मावशीसाठी.

सव्वातीन झाले. आई झोपलीय. दार ओढून घेतलं, कडी हातानं धरून.